बेलमाराचे वाळिंबे

हे शीर्षक वाळिंब्यांनी पाहिलं असतं तर डोळे मिटून घेतले असते आणि एक बोट वर केलं असतं. बोट वर म्हणजे चूक. डोळे मिटलेले म्हणजे चूक दुरुस्त होईपर्यंत ते या जगात नाहीत. 'बेलमाराचे' असं म्हणायचंच नाही. बेलमारा या नावाला चा-ची-चे लागत नाही, त्याचं अनेकवचन होत नाही, त्याच्या आधी 'हॉटेल' येत नाही आणि ते कधी एकटं उभं राहत नाही. बेलमारा कॉफी शॉप, बेलमारा पाहुणचार, बेलमारा टॉवेल. नाव हे विशेषण आहे, नाम नाही. इतक्या वर्षांनंतरही हे मला पाढ्यासारखं पाठ आहे, म्हणून शीर्षक मुद्दाम तेच ठेवलंय.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. वाळिंबे गेलेत की आहेत, मला ठाऊक नाही. त्यामुळे ते बंधन माझ्यावर नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. परळची चाळ सोडून आम्ही वाशीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. माझं टायपिंग आणि शॉर्टहँड झालेलं होतं. खाडीच्या बाजूला एका परदेशी कंपनीचं मोठं हॉटेल उभं राहत होतं आणि त्यांना ऑफिससाठी मुलगी हवी होती. इंटरव्ह्यूला वाळिंबेच होते. पन्नाशीच्या जवळचे, उंच, सडपातळ, मे महिन्यातही टाय. त्यांचा हुद्दा होता ब्रँड स्टँडर्ड्स ऑफिसर. म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं की कंपनीचं नाव कुणी कसं लिहितं आणि कसं उच्चारतं, यावर पहारा ठेवण्यासाठी एक माणूस पगारी नेमलेला आहे आणि मी त्याची सेक्रेटरी आहे.

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. कागद पुढे सरकवला आणि इंग्रजीत म्हणाले, "आमचं नाव लिहा." मी 'बेल' आणि 'मारा' असे दोन शब्द लिहिले. त्यांनी डोळे मिटले. बोट वर. मी घाबरून दोन्ही शब्द जोडून लिहिले. डोळे उघडले. "सोमवारपासून या, मिस परब."

ते मराठी होते. आडनाव वाळिंबे, डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पण ऑफिसात त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द मी ऐकला नाही. शिपायालासुद्धा "काइंडली ब्रिंग वॉटर". शिपाई सोलापूरकडचा. तो पाणी आणायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, "काइंडलीनं पाणी मागिटलंय." डबा ते भिंतीकडे तोंड करून खायचे. भाकरीचा वास सुटू नये म्हणून खिडकी उघडायचे. ती माझ्या टेबलाच्या बाजूची, त्यामुळे वास सगळा माझ्याकडे यायचा.

हेड ऑफिसकडून नियमांचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं. त्याला त्यांनी शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कव्हर घातलं होतं. नाव कोणत्या रंगात छापायचं, त्याच्या भोवती किती जागा सोडायची, कोणत्या शब्दांशेजारी ठेवायचं नाही, सगळं त्यात होतं. "चूक लहान नसते, बघणारा लहान असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते इंग्रजीत म्हणायचे. मराठीत मी सांगतेय, आणि मराठीत ते बरं वाटतं. त्यांच्या तोंडी ते कानाखाली मारल्यासारखं लागायचं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात फोन वाजला. मी उचलला. "गुड मॉर्निंग, हॉटेल बेलमारा." गालिचेवाला कोणीतरी होता. तो बोलायला लागणार तोच आतल्या एक्स्टेन्शनवरून वाळिंब्यांचा आवाज आला. "नो, मिस परब. बेलमारा हॉटेल. अगेन." गालिचेवाला ऐकतोय. मी म्हटलं. "अगेन." मी पुन्हा म्हटलं. गालिचेवाला म्हणाला, "मॅडम, मैं बाद में करता हूँ." त्यानंतर दुपारभर वाळिंबे आपल्या केबिनमधून मला फोन करत राहिले. काचेतून मला दिसत होते. दर वेळी मी त्यांना अनोळखी पाहुणा समजून तेच वाक्य म्हणायचं. कान गरम झाला. संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे आमचा फोन आला, तेव्हा मी रिसीव्हर उचलून तेच म्हटलं. काकू हसल्या. मला रडू आलं.

हसणारे ऑफिसातही होते. बांधकामावरची माणसं 'बेल मारा' म्हणून एकमेकांना कोपरखळी मारायची. वाळिंब्यांच्या कानावर ते आलं की चेहरा पांढरा पडायचा.

कॉफी शॉपसाठी नॅपकिन आले. कोपऱ्यात निळ्या धाग्यानं नाव भरलेलं आणि नावापुढे इंग्रजीतला तो लटकता स्वल्पविराम नि एस. म्हणजे 'बेलमाराचं कॉफी शॉप'. ऑर्डर देणारा दुसराच होता, पण सजा झाली हाउसकीपिंगच्या पोरींना. दोन दिवस त्या जमिनीवर बसून सुईनं तेवढंच उसवत होत्या. उसवलेल्या जागी बारीक भोकं राहिली. वाळिंबे प्रत्येक नॅपकिनवरून बोट फिरवायचे आणि भोक लागलं की बाजूला टाकायचे. तुर्भ्याहून येणारी एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, धुतल्यावर भरून येईल." वाळिंबे माझ्याकडे वळून म्हणाले, "व्हॉट इज शी सेइंग?"

हे लक्षात ठेवा. मराठी कळत असूनही ते मराठीचं भाषांतर मागायचे.

धर्मा म्हात्रे दरवाजावर होता. शेजारच्याच गावचा, पंचविशीचा, दारात उभा राहिला की दार लहान वाटावं असा. जमिनी संपादनात गेलेल्या घरांतल्या एकेकाला नोकरी द्यायची असं ठरलं होतं, त्यात तो लागला. लाल कोट, सोनेरी बटणं. कोट घातल्याच्या पहिल्या दिवशी तो मला हाक मारून लॉबीत घेऊन गेला.

"मॅडम, ही लिफ्ट हाय ना? इतंच आमचा बांध व्हता. नि तो पैसे भरायचा टेबल हाय ना, तितं बा आमचा भाताची रोपं ठेवायचा."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाहुण्याला घर दाखवावं तसं तो दाखवत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "आमच्या बेलमारान या एकदा."

वाळिंब्यांनी ते ऐकलं. मला बोलावलं, धर्माला बोलावलं.

"मिस परब, टेल हिम. नो पझेसिव्ह."

मी धर्माला म्हटलं, "आमचा बेलमारा म्हणायचं नाही."

"मंग कुनाचा म्हनू?"

"कुणाचाच नाही. नुसतं बेलमारा हॉटेल."

धर्मा हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. वाळिंब्यांनी डोळे मिटले होते, बोट वर होतं. ते बोट कशासाठी आहे हे धर्माला कळेना, म्हणून त्यानं छताकडे पाहिलं.

मला तेव्हाच तिथून उठून जायला हवं होतं. पण वडिलांची गिरणी बंद पडून वर्षं झाली होती आणि घरात माझाच पगार होता. मी बसून राहिले. हे सगळं सांगताना माझी बाजूही सांगायला हवी, म्हणून सांगितलं.

मग बोर्डाचं प्रकरण झालं. धर्माची आई हिराबाई हॉटेलच्या समोर, रस्त्यापलीकडे, ताडपत्रीखाली बांधकामाच्या मजुरांसाठी चहा, वडे आणि तांदळाची भाकरी करायची. नऊवारी गुडघ्यापर्यंत, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खाडीपल्याड जाईल असा. धर्माला पहिला पगार मिळाला तेव्हा त्यानं आईसाठी पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला. पिवळ्यावर लाल अक्षरं: 'हॉटेल बेलमारा. चहा, वडा, भाकरी मिळेल.' खाली इंग्रजीतही तेच, दोन शब्दांत. आमच्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात, त्यात त्याला काही गैर वाटलं नाही. आपल्या नोकरीचं नाव त्यानं आईच्या डोक्यावर लावलं होतं.

वाळिंबे सकाळी रिक्षातून उतरले आणि तिथेच थांबले. बराच वेळ तो बोर्ड वाचत उभे राहिले. एका ओळीत इतक्या चुका त्यांनी आयुष्यात पाहिल्या नसतील.

त्यांनी नोटीस काढली. इंग्रजीत त्यांनी सांगितली, मराठीत मी टाइप केली. 'सदर नावाचा अनधिकृत वापर त्वरित थांबवावा.' माझ्याच बोटांनी. मग ती द्यायला ते स्वतः निघाले आणि मला बरोबर घेतलं.

"मी कशाला, सर?"

"टु ट्रान्स्लेट."

रस्ता ओलांडून आम्ही गेलो. हिराबाई वडे तळत होती. चारपाच मजूर बाकावर बसलेले. वाळिंबे ताडपत्रीच्या बाहेर उन्हातच उभे राहिले.

"टेल हर," ते मला म्हणाले, "दॅट द नेम इज अ रजिस्टर्ड प्रॉपर्टी."

मी म्हटलं, "हिराबाई, हे नाव कंपनीच्या मालकीचं आहे. दुसऱ्या कुणाला लावता येत नाही."

हिराबाईनं झारा खाली ठेवला आणि वाळिंब्यांकडे पाहिलं. "यो मानूस मराठी नाय काय?"

मी नोटिशीचा कागद तिच्यापुढे धरला.

"वाळिंबे ना? मंग मराठीच. मंग माज्याशी का बोलत नाय? मी काय खाते काय त्याला?"

मजूर हसले. वाळिंबे माझ्याकडे बघत राहिले. "टेल हर, थ्री डेज."

"तीन दिवसांत बोर्ड काढायचाय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

हिराबाई उठली. तिनं हात पदराला पुसले, माझ्या बाजूनं जाऊन त्यांच्या समोर उभी राहिली आणि हळू बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"साहेब, आमी तुमचा नाव घेतला त तुमाला येवरा राग आला. तुमी आमचा शेत घेतला तवा आमी कुनाला कागद दिला?"

शेत त्यांनी घेतलं नव्हतं. कंपनीनंही नव्हतं, ते आधीच सरकारी संपादनात गेलं होतं. पण तिला समोर दिसत होते ते हेच. त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. बाई, मी नोकर माणूस आहे. किंवा, बाई, मला कळतंय. मराठीत एक वाक्य. ते तिच्यापासून दोन हातांवर उभे होते, तिचा शब्दन् शब्द त्यांना समजला होता. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"व्हॉट डिड शी से, मिस परब?"

मी म्हटलं, "शी इज आस्किंग फॉर मोअर टाइम, सर."

मी खोटं बोलले हे त्यांना माहीत होतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत की बोट वर केलं नाही. रुमालानं मान पुसली, रस्ता ओलांडला आणि निघून गेले.

बोर्ड हिराबाईनं काढला नाही. चौथ्या दिवशी वाळिंब्यांनी धर्माला सांगितलं, म्हणजे माझ्यातर्फे सांगितलं, की बोर्ड त्यानं काढायचा. नोकरी हवी असेल तर आजच. आणि कपडे बदलायला वेळ घालवू नये.

लाल कोटात, सोनेरी बटणांत तो रस्त्यापलीकडे गेला. बोर्ड खिळ्यांनी पक्का बसवला होता, निघेना. मग त्यानं मजुरांकडून काळ्या रंगाचा डबा आणला आणि ब्रश मारला. आई बाजूला बसून कांदा चिरत होती. तिनं वर पाहिलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या हातमोज्यांवर काळे डाग होते. वाळिंबे म्हणाले, "ग्लव्ह्ज."

दुसऱ्या दिवसापासून धर्मा दार उघडायचा, पण बोलायचा नाही. दारवानानं म्हणायचं वाक्य ठरलेलं होतं, पाठ करून घेतलेलं होतं. आता तो फक्त हात जोडायचा. उद्घाटनाच्या आधी मोठे पाहुणे येऊन जागा बघून जायचे. एका दिल्लीच्या साहेबांना ते हात जोडणं फार आवडलं. वाळिंब्यांना नाही आवडलं. त्यांनी मेमो काढला. 'ठरलेले स्वागतवाक्य उच्चारण्यास कसूर.' तोही मीच टाइप केला. धर्माची बदली मागे कपडे धुण्याच्या विभागात झाली.

तो तिथे गेलाच नाही. कोट घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला, वर टोपी.

"धर्मा, अरे, थोडे दिवस काढ," मी म्हटलं. "साहेब काय कायमचे आहेत का?"

"मॅडम, सायेबाचा काय नाय," तो म्हणाला. "आयसमोर रंग मारला मी. आता त्या दारान उबा रावलो त मना माजीच लाज वाटते."

त्या दिवसापासून मी वाळिंब्यांचा द्वेष करायला लागले. राग त्याआधीही होता. द्वेष वेगळा. राग आला की आवाज चढतो, द्वेषात माणूस उलट नीट वागायला लागतो. माझ्या टायपिंगमधल्या चुका संपल्या. त्यांचा चहा वेळेवर जायला लागला. ते एकदा म्हणालेसुद्धा, "यू हॅव इम्प्रूव्ह्ड."

उद्घाटन दुपारचं होतं. कंपनीचे चेअरमन परदेशातून आले होते. म्हातारे, लालबुंद, पोट सुटलेले, भलतेच बोलके. लॉबीत मंडप, झेंडूची तोरणं, समोर खुर्च्या. वाळिंबे खांबापाशी उभे होते. चेअरमन बोलायला उठले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "वेलकम टु माय बेलमारा." मी वाळिंब्यांकडे पाहिलं. डोळे मिटले होते. मग 'हॉटेल बेलमारा' आलं. मग 'बेलमाराज्' असं अनेकवचन आलं, जगभरातल्या सगळ्या हॉटेलांसाठी. वाळिंबे डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. शेवटी त्यांनी खिशातून कागद काढला, खांबावर टेकवून भराभर लिहिलं आणि मला खूण केली.

"चेअरमनसाहेबांच्या सेक्रेटरीला द्या," ते इंग्रजीत कुजबुजले. "भाषण पेपरवाल्यांना द्यायच्या आधी दुरुस्त व्हायला हवं. ओन्ली टु द सेक्रेटरी."

कागदावर मुद्देसूद लिहिलं होतं. नियम, पान नंबर, चेअरमनचं वाक्य आणि बरोबर वाक्य. खाली सही. एक गोष्ट कबूल करायला हवी. हा माणूस खालच्याला एक नियम आणि वरच्याला दुसरा असं करत नव्हता. हिराबाईला जो कागद दिला तोच मालकालाही. त्या क्षणी हे माझ्या लक्षात आलं होतं. आलं होतं आणि तरी मी जे करायचं ते केलं.

सेक्रेटरी दुसऱ्या रांगेत डावीकडे बसली होती. निळा झगा, चष्मा. मला ती स्पष्ट दिसत होती. मी तिच्यासमोरून गेले, स्टेजच्या दोन पायऱ्या चढले आणि चेअरमन पाणी प्यायला थांबले होते, तेव्हा तो कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांना वाटलं काही निरोप असेल. चष्मा लावून वाचला. मग माइकवर म्हणाले, "इथले कोणी मिस्टर वाळिंबे मला कळवतात की मी माझ्या कंपनीचं नाव आत्तापर्यंत चार वेळा चुकीचं घेतलं." लोक हसले. "कुठे आहेत मिस्टर वाळिंबे?"

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या.

"मिस्टर वाळिंबे," चेअरमन म्हणाले, "माझी आजी एका बंदरावर खानावळ चालवायची. तिचं नाव मारा, आडनाव बेल. खलाशी म्हणायचे, चला माराकडे जेवायला. तिनं दारावर कधी पाटी लावली नाही. तुम्ही तिथे असतात तर तिला फार त्रास झाला असता."

केवढा हशा झाला! जनरल मॅनेजर सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि हसता हसता त्यांनी वाळिंब्यांकडे जे पाहिलं त्यात हसू अजिबात नव्हतं. वाळिंबे हात बाजूला सोडून सरळ उभे होते. परीक्षेत नापास झालेल्याचं नाव वाचून दाखवताना उभं करतात, तसे. ते चेअरमनकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

आठ दिवसांत त्यांची जागा रद्द झाली. उद्घाटनानंतर या पदाची गरज नाही, असं कळवण्यात आलं. तेही पत्र मीच टाइप केलं. शेवटच्या दिवशी त्यांनी ड्रॉवर रिकामे केले, नियमांचं पुस्तक जनरल मॅनेजरकडे पोचतं केलं आणि माझं स्टेपलर परत करायला टेबलापाशी आले.

"मिस परब," ते म्हणाले, "आय सेड सेक्रेटरी."

एवढंच. मला वाटलं आणखी काही बोलतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत, मराठीत. त्यांनी टाय नीट केला आणि गेले. नवीन दारवानानं दार उघडलं आणि त्यांना ते ठरलेलं वाक्य म्हणून दाखवलं, अगदी बरोबर.

मी त्याच दुपारी रस्ता ओलांडून हिराबाईकडे गेले. सगळं रंगवून सांगितलं. कागद, चेअरमन, खानावळवाली आजी, लोकांचं हसणं. तिनं ऐकून घेतलं. चहा पुढे केला.

"मंग आता धर्मा परत येल?"

धर्मा तेव्हा उरणच्या बाजूला कंटेनरच्या गोदामात हमालीला लागला होता. आठवड्यातून एकदा घरी यायचा. मी जनरल मॅनेजरना विचारलं होतं. जागा भरली गेली होती.

"नाही," मी म्हटलं.

"मंग तुजा काय झाला हसून?" हिराबाई म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत होती.

मी आणखी एक वर्ष तिथे काढलं आणि मग एका बँकेत लागले. लग्न झालं, नेरूळला आले. वाळिंब्यांचा विषय निघाला की मी तो किस्सा सांगायची आणि लोक हसायचे. सेक्रेटरी दुसऱ्या रांगेत बसली होती हे मी सांगायची नाही.

दशक संपत आलं होतं. आमच्या सोसायटीला नवीन गेट करायचं ठरलं आणि कमिटीत मी होते म्हणून फॅब्रिकेटरबरोबर लोखंड बघायला कळंबोलीला गेले. स्टील मार्केटमध्ये ट्रकांच्या रांगा, धूळ, डिझेलचा वास. फॅब्रिकेटर म्हणाला, "ताई, तुमी इथं सावलीत थांबा, मी भाव काढून येतो." मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसबाहेर थांबले. पत्र्याची खोली, दार सताड उघडं.

आत टेबलामागे वाळिंबे होते. टाय नव्हता. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, केस सगळे पांढरे. समोर एक ड्रायव्हर बसला होता, चाळिशीचा, अंगात बनियन, हातात आंतरदेशीय पत्र. त्याला वाचता येत नसावं. त्यानं ते पुढे केलं.

वाळिंब्यांनी पत्र उघडलं आणि वाचायला लागले. मराठीत. साताऱ्याकडचं, माणदेशी वळणाचं मराठी. मोकळं, स्वच्छ, प्रत्येक शब्दाला वजन देणारं. मी असं वाचन फार थोड्यांचं ऐकलंय. बायकोनं लिहून घेतलेलं पत्र होतं. शेळी व्याली, पाऊस बरा आहे, थोरलीचं जमतंय. मग एका ओळीवर ते थांबले. पुढची ओळ डोळ्यांनी वाचली आणि बाकावर बसलेल्या दोघांना म्हणाले, "आरं, जरा भाईर जाऊन बसता का? च्या सांगा तिघास्नी."

ते दोघं बाहेर आले, माझ्या शेजारी उभे राहिले. वाळिंबे खुर्ची उचलून ड्रायव्हरच्या बाजूला नेऊन बसले. आवाज अगदी खाली आणला. मला तुटक तुटक ऐकू येत होतं. त्याची आई गेली होती. पत्र पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

"वाट बघितली तुजी," वाळिंबे म्हणाले. "लिवलंय हितं. शेवटपतूर शुद्धीत हुती. तुजं नाव घेतलं म्हनं." ते पत्रात होतं की त्यांनी आपल्या मनानं घातलं, मला माहीत नाही. ड्रायव्हर दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. वाळिंब्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

असं काही पाहिल्यावर माणसाचं मन निवळतं म्हणतात. माझं उलट झालं. मला दिसत होती ती ताडपत्री, उन्हात दोन हातांवर उभी असलेली हिराबाई, आणि माझ्याकडे वळलेली यांची मान. तोवर मी मनाची समजूत घातली होती की या माणसाकडे द्यायला काही नव्हतंच. कोरडा माणूस, नियमांच्या पलीकडे त्याला काही येत नव्हतं. आता कळलं की येत होतं. हा आवाज, हे शब्द, हा हात, सगळं त्या दिवशीही त्यांच्याकडे होतं. त्यांनी ते दिलं नव्हतं.

वाळिंब्यांनी मान वर केली. दारात मी उभी. त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. मी ओळख दिली नाही. त्यांनी मोकळ्या हातानं, ड्रायव्हरला त्रास होऊ नये अशा बेतानं, हळूच दार लोटून घेतलं.

फॅब्रिकेटर भाव घेऊन परत आला. मी म्हटलं, "दुसरीकडे बघू या."